रेवणप्पा मापाड्याचं पावसाळी पायताण

अहमदपूरच्या धान्याच्या मोंढ्यात रेवणप्पा हालगे कोण, असं विचारलं असतं तर चार माणसं गोंधळली असती. रेवणप्पा मापाडी म्हटलं की मात्र शेंबडं पोरही आडतीच्या ओट्याकडे बोट दाखवायचं. आलेला माल काट्यावर चढवायचा आणि वजन खणखणीत आवाजात पुकारायचं, हे काम ते तीस वर्षं करत होते. पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं, हा वडिलांनी घालून दिलेला धडा त्यांनी कधी मोडला नाही. जिना चढतानासुद्धा त्यांची पहिली पायरी 'लाभ' असायची.

सवय अशी जडली होती की हातात काही आलं की त्याचं वजन आधी तोंडातून बाहेर पडायचं. साडूच्या घरी बारसं होतं. बाळ हातात देताच रेवणप्पा म्हणाले, "दोन किलो सातशे." बाळाच्या आजीनं बाळ तिथल्या तिथं काढून घेतलं. पुढं दवाखान्यातल्या काट्यावर ते दोन किलो सातशे दहा भरलं. वरचे दहा ग्रॅम रेवणप्पांनी दुपट्यात धरले.

एक गोष्ट मात्र त्यांना आयुष्यात कधी तोलावी लागली नव्हती, ती म्हणजे पायताण. धान्याच्या राशीजवळ पायताण घालून जायचं नसतं. त्यामुळे सकाळी ओट्याखाली चप्पल काढली की ती संध्याकाळीच पायात जायची. तीस वर्षं अनवाणी वावरून त्यांचा पंजा असा पसरला होता की केरबा हमाल म्हणायचा, "अप्पाचं पाऊल मंजी सूप हाय. जवारी पाखडून घ्यावी."

शहाऐंशी साल होतं. पावसानं सलग तिसऱ्या वर्षी पाठ फिरवली होती. मोंढ्यात माल इतका थोडा यायचा की दुपारी बारालाच ओटे झाडून व्हायचे. रिकामा मापाडी म्हणजे पिंजऱ्यातला वाघ. रेवणप्पांनी त्या उन्हाळ्यात बाजार समितीची मांजर तोलली, जुनी रद्दी तोलली, केरबाची पगडी तोलली. अशा दिवसांत एके सकाळी समितीचे सचिव अण्णाराव एक पत्र घेऊन ओट्यावर आले.

"रेवणप्पा, तुमाला आंबोलीला जायचंय," ते म्हणाले.

"कुनाचं लगीन हाय?"

लग्न नव्हतं. आंबोलीच्या जंगलात चार दिवसांचं शिबिर होतं. भर पावसात डोंगर चालायचा, झरे बघायचे, पाणी कसं मुरतं ते शिकायचं. दर जिल्ह्यातून शेतीमालाशी संबंध असलेला एक माणूस बोलावला होता. लातूर जिल्हा होऊन जेमतेम चार वर्षं झालेली. नवा जिल्हा म्हणजे नवी सून, चार ठिकाणी जाऊन तोंड दाखवल्याशिवाय भागत नाही. म्हणून पत्र आलं की नाव जायलाच हवं, असा वरून निरोप होता. खरं तर नाव अण्णारावांचं होतं. पण अण्णारावांना थंड पाण्याचा माठ बघूनच शिंका यायच्या. त्यांनी आपलं नाव खोडून रेवणप्पांचं लिहिलं.

पत्रात सोबत आणायच्या सामानाची यादी होती. बॅटरी, ताट-वाटी, कांबळं, सगळं ठीक होतं. शेवटची ओळ अण्णारावांनी दोनदा वाचून दाखवली. 'शिबिरार्थींनी पावसाळी डोंगरवाटेस योग्य अशी पादत्राणे आणावीत. अयोग्य पादत्राणे असणाऱ्यांस परत पाठविण्यात येईल.'

"योग्य मंजी कोनती?" रेवणप्पांनी विचारलं.

अण्णारावांनी पत्र उलटून पाहिलं. मागं काही नव्हतं.

"ते तुमीच बगा. पर परत येऊ नका. चार वर्साच्या जिल्ह्याची अब्रू हाय."

दुपारपर्यंत सगळ्या मोंढ्याला कळलं आणि सल्ले सुरू झाले. तीन वर्षं ज्यांनी चिखल पाहिला नव्हता ते सगळे चिखलावर बोलू लागले.

पहिले आले शेषेराव, पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी माळ्यावरून आपले मिल्ट्रीचे बूट काढून आणले. तळाला खिळे, टाचेला लोखंडी नाल, चामडं असं जाड की वाजवलं तर आवाज यावा. "ह्यानं मी आसाम चाललोय," शेषेराव म्हणाले. "साप चावला तर सापाचा दात पडंल." केरबाच्या मते कवायतीचे पांढरे कॅन्व्हासचे बूट बरे. हलके असतात, आणि पुतण्याचे घरात पडूनच होते.

मग रेवणप्पा मकबूलभाईंच्या दुकानात गेले. मकबूलभाईंनी दुष्काळ पडायच्या आधी पावसाळी मालाची मोठी खरेदी केली होती आणि तेव्हापासून तो माल धूळ खात होता. गिऱ्हाईक पावसाळी पायताण मागतंय, हे ऐकून त्यांनी आधी खुर्ची पुसली.

"अप्पा, ये देखो," त्यांनी काळेकुळकुळीत गमबूट पुढं ठेवले. "गुडघ्यापात्तर. पानी का बाप बी आत जात न्हाई."

"आन् ते काय हाय?" रेवणप्पांनी दाराकडे बोट केलं.

दाराच्या चौकटीला प्लॅस्टिकच्या सँडलची एक जोडी टांगलेली होती. रंग गुलाबी. सगळीकडे भोकं भोकं, टाचेमागून पट्टा आणि पुढं अंगठ्याच्या वर प्लॅस्टिकचंच एक फूल. मकबूलभाईंनी मागं कधीतरी सोलापूरच्या व्यापाऱ्याला बायकांच्या पाच नंबरच्या दहा जोड्या पाठवायला लिहिलं होतं. त्यानं दहा नंबरची एक पाठवली. एवढ्या पायाची बाई अहमदपुरात नव्हती, म्हणून तीन वर्षं ती दारावर लटकत होती. शाळेची पोरं तिला राक्षसिणीची सँडल म्हणायची.

"ती सोडा," मकबूलभाई म्हणाले. "ती नजर लागू नये मनून टांगलीय."

पण रेवणप्पांनी त्यातली एक हातात घेतली आणि तोंडातून निघालंच, "दोनशे ऐंशी." मग गमबूट उचलला. "किलो शंभर." दोन्ही हातांत दोन्ही धरून ते बराच वेळ उभे राहिले. तीस वर्षांत जे सुचलं नव्हतं ते त्यांना तिथं सुचलं. पायताण कोरडं असताना सगळेच चांगले बोलतात. ओलं झाल्यावर ते किती जड होतं, हे बघितलं पाहिजे. पायाला ओढायचं असतं ते ओलं वजन.

विक्री नाहीच, तर निदान तोलणं तरी होऊ दे, असं म्हणून मकबूलभाईंनी दोन्ही जोड्या उसन्या दिल्या.

आता अडचण एकच होती. भिजवायचं कशात? टँकर तीन दिवसांआड यायचा आणि घराला सहा घागरी मिळायच्या. घरातलं पाणी शिवकांताच्या ताब्यात होतं. रेवणप्पांची बायको बोलायची कमी, पण तांब्या मोजून द्यायची. तिच्यापुढं विषय काढताच ती म्हणाली, "पायताण भिजवायला पानी? लोकं तोंड धुयाला रडून राहिलेत."

"जिल्ह्याचं काम हाय."

"मंग जिल्ह्याच्या घागरीतून घ्या."

रेवणप्पांनी रात्रभर विचार केला आणि सकाळी तोड काढली. आंघोळीला त्यांच्या वाट्याचं दीड तांब्या पाणी होतंच. ते घमेल्यात उभं राहून अंगावर घ्यायचं आणि घमेल्यात साचलेलं पाणी परसातल्या लिंबोणीला घालायचं, हा घरचा नियम. तेच पाणी अंगावरून पायात उतरलं तर कुणाचं काय जातं? शिवकांताला यात खोट काढता आली नाही. तिनं फक्त लिंबोणीकडे एकदा पाहिलं.

पहिल्या दिवशी रेवणप्पा पंचा नेसून घमेल्यात उभे राहिले, उजव्या पायात शेषेरावांचा मिल्ट्री बूट आणि डाव्या पायात कवायतीचा कॅन्व्हास. दीड तांब्या अंगावर घेतला आणि बूट नीट भिजावेत म्हणून तसेच ताठ उभे राहिले. तेवढ्यात शेजारची शरणम्मा विरजण मागायला वाटी घेऊन परसदारी आली. तिनं पाहिलं, वाटी पदराखाली घेतली आणि विरजण न मागताच मागं फिरली. संध्याकाळपर्यंत गल्लीत बातमी होती की दुष्काळामुळे सरकार पन्नाशीच्या माणसांनाही फौजेत घेतंय आणि रेवणप्पा घरी सराव करून राहिलेत. दोघा बायकांनी आपल्या नवऱ्यांना आठ दिवस बाहेर पडू दिलं नाही.

त्या दिवशी लिंबोणीला पाणी घालताना शिवकांता थांबली. "तांब्याभर पानी कमी हाय," ती म्हणाली. "बुटानं पिलं." काट्याच्या आधी निकाल तिनंच सांगितला होता, पण रेवणप्पांना काट्याशिवाय पटत नसे. दुसऱ्या दिवशी उजव्या पायात तोंडाशी फडकं आवळलेला गमबूट आणि डाव्यात गुलाबी सँडल घालून आंघोळ झाली. या वेळी परसदार आतून बंद होतं.

दोन्ही दिवशी पायताणं लगोलग मोंढ्यात नेऊन तोलली. पोत्यांचा काटा या कामाला मोठा पडतो, म्हणून मसाल्याच्या दुकानातून लहान काटा मागवला होता. बघायला सगळा मोंढा जमला. कितीतरी दिवसांनी तिथं काहीतरी तोललं जात होतं.

"मिल्ट्रीचा," रेवणप्पांनी पुकारलं. "कोरडा किलो पन्नास. ओला किलो चारशे ऐंशी."

शेषेरावांची मान खाली गेली. कॅन्व्हास चारशे वीसचा सातशे साठ झाला होता. गमबूट बाहेरून पुसला तर जवळपास होता तेवढाच राहिला आणि मकबूलभाईंनी मिशीवर हात फिरवला. तेव्हा केरबानं शंका काढली.

"तोंडातून आत पानी गेलं तर?"

आत ओतून बघायला मोंढ्यात पाणी नव्हतं. केरबानं गमबुटात ज्वारी भरली. तो सव्वातीन किलोवर गेला.

"पर पाऊस गुडघ्याच्या वरून थोडीच पडतो?" मकबूलभाई म्हणाले. लोकांनी माना डोलावल्या. तीन वर्षांत पाऊस नक्की कुठून पडतो याचा सगळ्यांनाच थोडा विसर पडला होता.

शेवटी गुलाबी सँडल काट्यावर चढली. कोरडी दोनशे ऐंशी, ओली दोनशे ब्याऐंशी. वरचे दोन ग्रॅम फुलाच्या पोकळीत अडकलेल्या पाण्याचे होते. रेवणप्पांनी फूल उलटं करून झटकलं, काटा पुन्हा दोनशे ऐंशीवर आला.

निकाल सगळ्यांना कळला होता, पण उच्चारायला कुणी तयार नव्हतं. तीस वर्षांत रेवणप्पांनी काट्याशी कधी वाद घातला नव्हता. त्या दिवशी घातला.

"काटा खोटं बोलत न्हाई," ते म्हणाले, "पर काट्याला डोळे नसतेत. बायकांचं गुलाबी पायताण घालून जिल्ह्याचा मानूस जाऊलालाय, हे काट्याला कुठं दिसतंय?"

गमबूट ठरले. पण निघायच्या दिवशी पिशवी भरताना त्यांचा हात थांबला. काट्याचा कौल घरी टाकून जाणं त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी गुलाबी जोडी जुन्या धोतरात गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवली. वरून कांबळं, त्यावर ज्वारीच्या भाकरी, त्यावर शेंगदाण्याची चटणी. शिवकांता दारात उभी राहून बघत होती.

अहमदपूरहून लातूर, लातूरहून सोलापूर, तिथून कोल्हापूर असा प्रवास रेवणप्पांनी गमबूट घालूनच केला, कारण ते पिशवीत मावत नव्हते. बाहेर ऊन मी म्हणत होतं. पाय आत उकडून निघाले. सांगोल्याजवळ त्यांनी पाच मिनिटं एक बूट काढला, तेव्हा पुढच्या बाकावरच्या गृहस्थांनी कंडक्टरला गाडी थांबवून मेलेला उंदीर शोधायला लावलं.

आंबोलीला उतरले तेव्हा समोर दोन हातांपलीकडे काही दिसत नव्हतं. रेवणप्पांना वाटलं वावटळ आली. त्यांनी डोळे मिटून तोंडाला रुमाल बांधला आणि धूळ बसायची वाट बघत उभे राहिले. ते धुकं होतं. ते चार दिवस पुरतं उठलं नाही.

शिबिराचे प्रमुख टिपणीस सर होते. गळ्यात शिट्टी आणि पायात जाड चामड्याचे, घोट्याच्या वर येणारे परदेशी बूट. त्यांनी प्रत्येकाचे पाय तपासले. गमबुटांकडे पाहून म्हणाले, "चालतील." रेवणप्पांचा जीव भांड्यात पडला. जिल्हा परत जाणार नव्हता.

दुसऱ्या सकाळी सगळे जंगलात उतरले. पुढं वाट दाखवायला गावातले वामन गावडे होते, अंगावर इरलं, हातात कोयता. पाऊस पडत होता असं म्हणणं कमी होईल. वर आभाळात कुणीतरी घागरी उलट्या करत होतं आणि सहा-सहाच्या हिशेबानं नव्हे. वाटेच्या पहिल्या वळणावरच रेवणप्पांना समजलं की पाऊस गुडघ्याच्या वरूनच पडतो आणि गमबुटाला तोंडही वरच असतं. धोतरावरून निथळलेलं पाणी सरळ बुटात जात होतं. पाव मैल गेल्यावर एकेका पायात पोटरीएवढं पाणी झालं. चालताना आतून डचक डचक असा आवाज येऊ लागला, जसा भरल्या रांजणाचा येतो.

ते दगडावर बसले आणि बूट काढला. आतलं पाणी ओतून द्यायचं, एवढंच काम होतं. पण तिरपा केलेला बूट त्यांनी पुन्हा सरळ धरला. दोन्ही बुटांत मिळून तीन लिटर तरी असेल. एवढं स्वच्छ पाणी असंच ओतून द्यायचं? घरी तीन लिटर पाण्यात दोन माणसांच्या आंघोळीचं आणि एका लिंबोणीचं भागत होतं. ते बूट धरून उठले आणि आजूबाजूला बघू लागले.

"काय शोधतास?" गावड्यांनी विचारलं.

"झाड. पानी घालावं म्हनलं."

गावड्यांनी भोवतालच्या जंगलाकडे पाहिलं. झाडांच्या बुंध्यांवर शेवाळ होतं, शेवाळावर नेचे उगवले होते आणि नेच्यांतून पाणी ठिबकत होतं. "ह्या झाडांका पाणी नको हो," ते म्हणाले. "आधीच कुसतत."

रेवणप्पांनी तरीही एका कारवीच्या झुडपाच्या बुडाशी पाणी बेतानं घातलं. मागं उभ्या असलेल्या वीस-बावीस जिल्ह्यांच्या प्रतिनिधींनी ते बघितलं. कुणी हसलं, कुणी नाही. नगरचा एक माणूस मात्र जवळ आला आणि त्यानं आपल्याही बुटातलं पाणी त्याच झुडपाला घातलं. त्याच्या गावातही टँकरच येत होता. दर दहा मिनिटांनी हे होऊ लागलं. दोघं बसायचे, बूट काढायचे, झुडूप निवडायचे. टिपणीस सर शिट्टी वाजवायचे. एक झुडूप दोनदा होऊ नये म्हणून नगरवाला खुणेला फांदीला सुतळी बांधत होता.

पुढं वाटेत तांबडा चिखल लागला. रेवणप्पांचा उजवा गमबूट आत गेला तो गेलाच. पाय ओढला, पाय वर आला, बूट तिथंच राहिला. तोल गेला म्हणून डावा पाय टेकला, तर तोही रुतला आणि तोही बूट चिखलानं घेतला. रेवणप्पा दोन बुटांच्या शेजारी अनवाणी उभे राहिले. गावडे आणि नगरवाला यांनी मिळून एक बूट उपटला. तो निघताना जो आवाज झाला त्यावर टिपणीस सरांनी मागं वळून बघितलं आणि विषय बदलला. दुसऱ्या बुटाची टाच चिखलातच राहिली.

आता पर्याय नव्हता. रेवणप्पांनी खांद्यावरच्या पिशवीच्या तळातून धोतराची गुंडाळी काढली आणि लोकांकडे पाठ करून गुलाबी सँडल पायात चढवल्या. पट्टा लावला. वळले.

कोल्हापूरचे प्रतिनिधी एवढे हसले की त्यांना इरल्यासकट खाली बसावं लागलं. "पाहुणं, फूलसुद्धा हाय की," ते म्हणाले.

रेवणप्पांचे कान तापले. पण चालायला लागले तेव्हा त्यांना पहिल्यांदा पायाखालची वाट कळली. पाणी एका भोकातून आत यायचं, दुसऱ्यातून निघून जायचं. पाय होता तेवढ्याच वजनाचा राहत होता. निसरड्या दगडावर बोटं पसरून धरता येत होती, आणि त्यांची बोटं तर जन्मभर पसरलेलीच होती. सूप होतं ते कामाला आलं.

वाटेत एक वहाळ आडवा आला, गुडघाभर पाण्याचा आणि जोरात वाहणारा. पलीकडे जायला एक दोर बांधलेला होता. रेवणप्पा दोर धरून तुरुतुरु पलीकडे गेले. मागून टिपणीस सर उतरले. त्यांच्या बुटांनी सकाळपासून इतकं पाणी प्यायलं होतं की ते एकेक पाय दोन्ही हातांनी उचलून ठेवावा तसे चालत होते. मधोमध आल्यावर त्यांच्या उजव्या बुटाचा तळ सुटला. बूट पायात राहिला आणि तळ प्रवाहातून खाली निघाला. सर क्षणभर त्याच्याकडे बघत राहिले, मग शिट्टी वाजवली. तळ थांबला नाही.

रेवणप्पा पुन्हा पाण्यात उतरले आणि सरांना खांद्याला धरून काठावर आणलं. सरांचा दुसरा बूट काढून देताना तो हातात आला आणि सवयीनं तोंडून गेलंच, "दोन किलो शंभर."

"काय?" सर म्हणाले.

"ह्या बुटाचं ओलं वजन. कोरडा असंल नऊशे. सर, तुमी सकाळपासून दोन किलो चारशे पानी उचलून राहिलाव."

सरांनी बुटातलं पाणी ओतून टाकलं. गावडे मात्र वाकून रेवणप्पांच्या पायाकडे बघत होते. मग त्यांनी आपलं इरलं बाजूला केलं आणि स्वतःचा पाय पुढं काढला. त्यांच्याही पायात तसलीच भोकाभोकाची प्लॅस्टिकची सँडल होती, फक्त काळी आणि बिनफुलाची. "ही बरोबर आसा," ते म्हणाले. "आमचो सगळो गाव हीच घालता."

सँडलनं सगळंच भलं केलं असंही नाही. भोकांतून पाण्याबरोबर जळवाही आल्या. मुक्कामावर पोचल्यावर रेवणप्पांच्या घोट्याला चार लागलेल्या निघाल्या. गावड्यांनी मिठाची पुरचुंडी लावून त्या पाडल्या. पहिली पडताच रेवणप्पांनी ती तळहातावर घेऊन बघितली आणि म्हणाले, "आली तवा ग्रॅमभर हुती. जाताना चार हाय." टाचेला पट्टा घासून फोडही आला होता. त्यावर गावड्यांच्या घरून खोबरेल तेल आलं, आणि पट्ट्याखाली धोतराची चिंधी घालायची युक्ती रेवणप्पांनी स्वतः काढली.

त्या संध्याकाळी चहाच्या वेळी शिबिरार्थी एकेक करून रेवणप्पांपुढं आपापलं पायताण घेऊन आले. ते एकेक हातात घेत, वजन सांगत, आणि त्यातलं किती पायताणाचं, किती पाण्याचं, तेही सांगत. कोल्हापूरवाले शेवटी आले. सरांनी जिल्ह्याचा मान म्हणून चालवून घेतलेल्या त्यांच्या कोल्हापुरी वहाणा भिजून सुजल्या होत्या आणि त्यांना ओल्या कातड्याचा असा वास येत होता की त्यांनी त्या काठीवर टांगून आणल्या. रेवणप्पांनी त्या हातात घेतल्या नाहीत. लांबूनच म्हणाले, "किलो दोनशे. आन् त्या वाळायला दिवाळी येईल."

सकाळी सगळे आंबोलीच्या बाजारपेठेतल्या एकुलत्या एका दुकानावर गेले. दुकानदाराकडं प्लॅस्टिकच्या सँडलच्या अकरा जोड्या होत्या. दहा जिल्ह्यांनी त्या घेतल्या. काळ्या आधी संपल्या. टिपणीस सरांच्या वाट्याला पोपटी आली. तिसऱ्या दिवशी जंगलात जी रांग उतरली ती लांबून बघणाऱ्याला हळदीकुंकवाला निघाल्यासारखी वाटली असती. पण कुणी पडलं नाही, कुणी मागं राहिलं नाही, आणि झरा बघायला सगळे वेळेवर पोचले. झऱ्याविषयी सरांनी पाऊण तास माहिती दिली. ती रेवणप्पांनी मन लावून ऐकली आणि पाणी अडवायच्या चार गोष्टी वहीत उतरवून घेतल्या. घरी येऊन त्यांतल्या दोन त्यांनी केल्याही.

शिबिराचा अहवाल महिन्याभरानं छापून आला. त्यात लिहिलं होतं, 'लातूर जिल्ह्याच्या प्रतिनिधींनी पादत्राणांविषयी उद्बोधक मार्गदर्शन केले.' अण्णारावांनी ती ओळ मोठ्यानं वाचून दाखवली आणि अहवाल काचेत लावला. नव्या जिल्ह्याचं नाव असं छापून यायची ती काही पहिली वेळ नव्हती, पण कौतुकानं येण्याची होती, असं अण्णारावांचं मत पडलं. मकबूलभाईंनी उसन्या गमबुटांविषयी अवाक्षर काढलं नाही, कारण आता लोक कुठंही जायचं असलं की आधी रेवणप्पांना विचारत आणि मग त्यांच्या दुकानात येत. देवगिरीला सहल निघाली, रेवणप्पांना विचारा. महाबळेश्वरला नवं जोडपं निघालं, रेवणप्पांना विचारा. तो नवरामुलगा लाजत आला होता. रेवणप्पांनी त्याला दोघांसाठीही ओलं वजन काढून पायताणं सुचवली आणि चिंधी न्यायला सांगितलं. तिरुपतीला निघालेल्या एका म्हातारीला तर त्यांनी अर्धा तास समजावलं. शेवटी ती म्हणाली, "बाबा, मी अनवानी जाऊलाले. नवस हाय." तेव्हा ते थांबले.

पुढच्या वर्षी तेच शिबिर बायकांसाठी निघालं. अहमदपूरच्या महिला मंडळानं शिवकांताचं नाव दिलं. ते रेवणप्पांना मोंढ्यात अण्णारावांकडून कळलं. ते लगबगीनं घरी आले. येताना वाटेत मकबूलभाईंकडून चार जोड्या तोलायला घेऊन आले आणि ओसरीवर ओळीनं मांडल्या. लहान काटाही मागवून ठेवला. शिवकांता आत भाकरी थापत होती. ते वाट बघत बसले. ती बाहेर आली, घागर उचलून ठेवली, परत आत गेली.

"आंबोलीला निगालीस म्हनं," ते शेवटी म्हणाले.

"हाव."

"पायताणाचं काय केलंस?"

"झालं ते."

"कोनतं?"

"तुमी टँकरची घागर चुकवू नका," शिवकांता म्हणाली. "सहा मिळत्यात. पाचवर ऐकू नका त्याचं."

ती गेली त्या चार दिवसांत टँकर दोनदा आला. दोन्ही वेळा रेवणप्पा घागरी घेऊन बायकांच्या रांगेत उभे राहिले. शरणम्मा पुढंच होती.

"शिवकांताक्का काय घालून गेली वो?" तिनं मागं वळून विचारलं. "तुमीच सांगितलं असंल."

रांगेतल्या सगळ्या बायका ऐकू लागल्या. रेवणप्पांनी घागर या हातातून त्या हातात घेतली.

"पिशवीत हुतं काय तरी," ते म्हणाले. "मला इचारलंच न्हाई."